देवरावसाठी म्हटलेली गाथा

देवराव हिमालयात चढायला निघाला त्या दिवशी विहारात पाठ मी म्हटला. मंगलाचा म्हणायचा होता. मी मयताचा म्हटला.

साल एकोणीसशे सहासष्ट, गाव मूर्तिजापूर. मी तेव्हा जिनिंग फॅक्टरीत हमाली करत होतो. कापसाचे बोजे वाहून माझी मान एका बाजूला झुकली होती, ती अजून तशीच आहे. देवराव हा माझा मित्र बुधाजी याचा मुलगा. बुधाजी दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास वारला. त्याची बायको मनकर्णा शेतात मजुरी करून पोराला शिकवत होती. पोरगा अमरावतीला कॉलेजात होता. तिथं एन.सी.सी.तून त्याची निवड झाली, दार्जिलिंगला जाऊन तो दोर धरायला आणि बर्फात पायऱ्या खोदायला शिकून आला, आणि आता बावीस हजार फुटांच्या एका शिखरावर जाणाऱ्या मोहिमेत त्याचं नाव लागलं होतं.

आमच्या वस्तीत हे कोणाला नीट उमगत नव्हतं. आमचा काळ्या मातीचा सपाट मुलूख. फॅक्टरीच्या धुराड्याहून उंच काही बहुतेकांनी पाहिलेलं नव्हतं. देवराव सुट्टीत आला की सरकीचं पोतं पाठीला बांधून फॅक्टरीच्या लाकडी जिन्यावर वीस-वीस वेळा चढायचा नि उतरायचा. हमाल खाली उभे राहून हसायचे.

"काहून बे, हिमालयात सरकी इकाले चालला का?"

जाईबाई म्हणून आमच्या वस्तीत एक म्हातारी होती. तिनं त्याला एकदा वाटेत अडवलं. "वरतं काय हाय रे पोट्ट्या?"

"बरफ हाय, आजी."

"बरफ तं ठेसनावर भेटते. आण्याले गोळा. त्याच्यासाठी इतक्या दूर मराले काहून जातं?"

सगळे हसले, देवरावही हसला. मनकर्णा तिथंच भांडी घासत होती. ती हसली नाही. त्याच दिवशी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, पोराले धाडाच्या आधी विहारात पाठ करा. मोठा करा. निस्तं पंचशील म्हणून सोडून देऊ नका."

"अकोल्याहून भंतेजीले बलावतो, वहिनी. परित्राणाचा पाठ करू, मंगलाची गाथा म्हणू, दोरा बांधू."

"हे झालं म्हंजे मले झोप येईन," ती म्हणाली.

इथं माझ्या अक्षरओळखीचं थोडं सांगावं लागेल. मी अक्षरं शिकलो ती एक्केचाळीसाव्या वर्षी. दीक्षा घेतल्यानंतरच्या साली वस्तीत प्रौढांचा वर्ग निघाला. पाटी घेऊन बसणाऱ्यांत सर्वांत मोठा मीच. शिकायचं कारण जुनं होतं. लढाईच्या काळात माझा थोरला भाऊ पलटणीत होता. त्याची चिठ्ठी आली, ती गावातल्या एका शिकलेल्या माणसानं आईला वाचून दाखवली. सगळं ठीक आहे म्हणाला. दोन महिन्यांनी भाऊ गेल्याची खबर आली तेव्हा कळलं, तो दवाखान्यात पडून होता आणि कोणीतरी भेटायला या, असं त्यात लिहिलं होतं. वाचणाऱ्याला आईची कीव आली म्हणून त्यानं ती ओळ गाळली होती. आई शेवटपर्यंत त्या माणसाच्या दारापुढून गेली नाही. मला अक्षरं आल्यावर मी ठरवलं की दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची तर एक ओळ गाळायची नाही. वस्तीतल्या चिठ्ठ्या मग माझ्याकडेच येऊ लागल्या.

वंदनेची पुस्तिकाही माझ्याकडेच असायची. पाली आम्हाला कोणालाच कळत नव्हती. अक्षरं ओळखीची, अर्थ अनोळखी. तरी म्हणणारा मी एकटाच, म्हणून लग्न असो की मयत, मलाच बोलावणं यायचं. दहा वर्षांत लग्नं थोडी लावली आणि मयती फार केल्या. त्यामुळे मयताची गाथा मला पाठ होऊन गेली होती. मंगलाचा पाठ अजून पाहूनच म्हणावा लागे.

देवरावची गाडी सोमवारी दुपारी होती. जयंती नुकतीच झाली होती, विहारावरच्या निळ्या पताका उतरवल्या नव्हत्या. विहार म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. मनकर्णानं ती सकाळीच सारवून घेतली. मडक्यात पाणी भरलं, त्यात पिंपळाची पानं टाकली, पांढऱ्या सुताची गुंडी ठेवली. आणि दहाच्या सुमाराला निरोप आला की भंतेजींना ताप आहे, ते येऊ शकत नाहीत.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. त्रिशरण-पंचशील म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मनकर्णाचं तोंड पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. पलटणीतल्या भावाची चिठ्ठी वाचता न येणारा मी, आज भंतेजींच्या जागी बसणार होतो.

हंगामाचे शेवटचे दिवस, वस्तीतले बहुतेक पुरुष कामावर होते. खोलीत बाया, लेकरं आणि कानानं अधू असलेले दोन म्हातारे. सुताचं एक टोक मडक्याच्या गळ्याला गुंडाळलं, तिथून सूत सगळ्यांच्या हातांतून फिरवलं आणि दुसरं टोक देवरावच्या हातात दिलं. तो माझ्यासमोर गुडघे टेकून बसला होता. वंदना झाली, पंचशील झालं. मग मी पुस्तिका उघडली, मंगलाचं पान काढलं, आणि ती मांडीवर ठेवून मान वर केली. भंतेजी पुस्तकात पाहत नाहीत. मीही पाहिलं नाही.

जीभ सवयीच्या वाटेनं निघाली.

दुसऱ्या ओळीवर मला बुधाजी दिसला. मातीच्या ढिगाजवळ ठेवलेला, तोंडावरचं पांढरं कापड वाऱ्यानं हलणारं. तेव्हा कळलं मी काय म्हणतो आहे. उपजलेलं सगळं नाहीसं होतं, असा त्या गाथेचा अर्थ भंतेजींनी एकदा सांगितला होता.  थांबावं तर बायांना कळणार. त्यांना गाथा कळत नव्हती. मयतीला बाया मातीपर्यंत येत नसत, त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. पण मी थांबलो असतो तर माझं थांबणं त्यांना कळलं असतं. मी थांबलो नाही. शेवटपर्यंत म्हटली. शेवटी सगळ्यांनी साधु, साधु, साधु म्हटलं, मनकर्णानं सर्वांत मोठ्यानं.

म्हणताना देवरावनं एकदा डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं होतं आणि लगेच मान खाली घातली होती. मी सूत तोडून त्याच्या उजव्या मनगटाला बांधलं. माझी बोटं थरथरत होती, गाठ दोनदा सुटली. मडक्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडलं.

"आता काई भेव नाई," मनकर्णा म्हणाली.

स्टेशनवर मी त्याच्या सोबत गेलो. त्याची ट्रंक मीच डोक्यावर घेतली होती. फलाटावर बोलायला चांगला पाव तास मिळाला. नागपूरकडून सिग्नल पडला नव्हता. मी चार वेळा तोंड उघडलं.

"देवराव..."

"काय, काकाजी?"

"सांभाळून चढजो."

"हो."

गाडी आली आणि गेली. एवढं सोपं होतं, 'बापा, माझ्या हातून चूक झाली, पाठ परत म्हणू दे.' फलाटावरही म्हणता आला असता. पुस्तिका खिशात होती.

दीक्षा घेतली तेव्हा आम्ही घरातले देव काढून टाकले आणि शकुन-अपशकुनही सोडले. वस्तीत कोणी मांजर आडवी गेली म्हणून परत फिरलं तर त्याला रागावणारा मीच. आता माझ्याच मनात तो अपशकुन बसला. चौथ्या दिवशी माझी बायको दुर्गाबाई म्हणाली, "तुमी जेवत काहून नाई? भाकर काय दगडाची केली का मी?"

मी तिला सांगितलं. ती बराच वेळ तवा खरवडत राहिली.

"आपण अपशकुन मानतो का?"

"नाई मानत."

"मंग जेवा."

"घास उतरत नाई."

"मंग मनकर्णाले सांगून द्या."

"कसं सांगू? तिले झोप येऊन राहिली ना आता."

"हो, तुमची गेली अन् तिची आली," दुर्गाबाई म्हणाली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मनकर्णा मात्र येता-जाता मला हाक मारायची. कधी लिंबाचं लोणचं आणून द्यायची, कधी ज्वारीची भाकर न् ठेचा. "भाऊजीनं पाठ केला म्हणून मी निसूर हावो, काई घोर नाई," असं ती बायांना सांगायची. ते लोणचं मला खावं लागायचं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतरची गोष्ट. फॅक्टरी बंद झाली होती, मी मालधक्क्यावर पोती उतरवायला जात होतो. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर नागपूरचा पेपर यायचा. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, चार ओळी होत्या. देवरावच्या मोहिमेचं शिखर. मंगळवार, सतरा मे रोजी बर्फाचा कडा कोसळून मोहिमेतील एक जण ठार. नाव समजू शकले नाही.

मी त्या चार ओळी सात-आठ वेळा वाचल्या. मग पेपरचं ते पान घडी करून सदऱ्यात घातलं. टपरीवाला शेषराव ओरडला, "नत्थुजी, पेपर पाहाले ठेवला हाय, न्याले नाई!" मी त्याच्या फळीवर पैसे ठेवले आणि निघालो. पान घरात ठेवायची हिंमत झाली नाही. विहारात पुस्तिकेच्या आत ठेवलं.

त्या दिवसांत मी वस्तीत शिरताना मनकर्णाच्या घराच्या मागून जायचो. पोस्टमन दिसला की वाट बदलायचो. मोहिमेत किती माणसं असतील, याचा हिशेब डोक्यात चालायचा. वीस असली तर वीसात एक. बारा असली तर बारात एक. पण त्या बारांतल्या किती जणांवर कोणी मयताची गाथा म्हणून पाठवलं होतं? एकावर.

तिसऱ्या दिवशी मी सकाळची पाळी आटपून घरी आलो तर मनकर्णा ओट्यावर बसली होती. हातात पाकीट.

"भाऊजी, देवरावची चिठ्ठी. पोस्टमन म्हणे पहाडातून आली. वाचा बरं लवकर."

तिच्यामागं जाईबाई आणि आणखी दोघी-तिघी येऊन टेकल्या. पाकिटावर अक्षर देवरावचं होतं. पण मेलेल्या माणसाचीही चिठ्ठी मागाहून येते.  मी पाकीट फोडलं, आणि नमस्कार-चमत्कार काही न पाहता वरच्या कोपऱ्यातली तारीख शोधली. एकोणीस मे. गुरुवार.

मंगळवारी कडा कोसळला. गुरुवारी देवराव लिहीत होता.

मी भिंतीला टेकलो. मनकर्णा म्हणाली, "काय झालं? वाचा ना."

"वाचतो, वहिनी. चष्मा पुसू द्या."

मी वाचायला लागलो. देवरावनं शाळेत शिकवतात तसं स्वच्छ लिहिलं होतं.

'आईस जयभीम. मी खुशाल आहे. इथे चढाईच्या आधी शेर्पा लोकांनी मोठा विधी केला. हे लोकही बौद्ध आहेत, पण आपल्यासारखे नाहीत. दगडांचा चौथरा रचला, त्यावरून रंगीत पताका लावल्या, एका झाडाचा हिरवा पाला जाळून धूर केला. त्यांच्या लामांनी पोथीतून दोन तास पाठ केला. आमच्या कुऱ्हाडी आणि दोर चौथऱ्याजवळ ठेवले होते, त्यांवरही तांदूळ टाकले. मग सर्वांच्या गालांना पीठ लावलं. शेवटी तळहातावर थोडी दारू देतात. मी पंचशील घेतलं आहे असं सांगितलं, तेव्हा लामा हसले आणि मला चहा दिला.'

"शाब्बास रे माह्या लेका," मनकर्णा म्हणाली.

"गालाले पीठ?" जाईबाई म्हणाली. "भाकरीचं का?"

"चूप बस वं, आत्याबाई. वाचा, भाऊजी."

'लामांनी माझ्या मनगटावरचा दोरा पाहिला. कोणी बांधला म्हणून खुणेनं विचारलं. माझ्या काकांनी, असं सांगितलं. त्यांनी तो दोरा आपल्या कपाळाला लावला.'

मनकर्णा माझ्याकडे पाहून हसली. मी पुढची ओळ डोळ्यांनी आधी वाचली, आणि त्याच्या पुढची. मग चष्मा नाकावर सारला.

"काय हाय?"

'मंगळवारी आमच्यावर कडा कोसळला. माझ्या दोराला बांधलेला शेर्पा गेला. आम्ही त्याला काढून खाली आणलं. लामा परत गावी गेले होते, तीन दिवसांच्या वाटेवर. म्हणायला कोणाला काही येत नव्हतं. मग बाबांच्या वेळी नत्थुकाकांनी जी गाथा म्हटली होती ती मी म्हटली.'

एवढं मी मोठ्यानं वाचलं. बाया कळवळल्या. त्या मेलेल्या शेर्प्याच्या आईसाठी मनकर्णानं डोळ्यांना पदर लावला. यानंतरच्या चार ओळी कागदावर होत्या. मनकर्णाला वाचता येत नव्हतं. जाईबाईला येत नव्हतं. त्या ओट्यावर अक्षर जाणणारा मी एकटाच होतो. चार ओळी सोडून 'कळावे' म्हटलं असतं तर सगळे उठून गेले असते, आणि मनकर्णाला त्या दिवशीही झोप आली असती.

माझं बोट त्या ओळीखाली होतं. ते पुढं सरकेना, आणि उचलताही येईना.

"संपली का?" ती म्हणाली.

"नाई."

'आई, काकांनी मी निघालो त्या दिवशी विहारात हीच गाथा म्हटली होती. मी तेव्हाच ओळखलं. काकांचे हात इतके कापत होते की बोलवलं नाही. पण खोटं लिहीत नाही, वर चढताना ती रोज आठवते आणि भीती वाटते. त्या भीतीनं मी दोराची गाठ दोनदा तपासतो. काकांना माझ्यातर्फे एवढंच सांग की पुढच्या वेळी पुस्तकात पाहून म्हणा. हवा उघडली तर पंचवीस तारखेनंतर आम्ही पुन्हा वर जाणार आहोत. कळावे.'

 मनकर्णानं पदर खाली केला.

"परत वाचा. ते मधलं."

मी परत वाचलं.

"खरं हाय?"

"खरं हाय, वहिनी."

"मयताची?"

"हो."

"तुमाले त्याच दिशी मालूम होतं?"

"म्हणता म्हणताच मालूम झालं."

"अन् तुमी थांबले नाई." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "माह्या हातचं लोणचं खाऊन राहिले होते महिनाभर. मी गावभर सांगत फिरली, भाऊजीनं पाठ केला म्हणून. अन् पोरगं तिकडं भेऊ भेऊ चढून राहिलं."

"पेपरात त्या मेलेल्याचं तीन दिवसांमांगं आलं होतं," मी म्हणालो. "ते बी मी दडवलं." एकदा सांगायला लागलो तर अर्धं ठेवावंसं वाटेना.

जाईबाई म्हणाली, "जाऊ दे मनकर्णे, आपण काई अपशकुन मानत नाई आता."

"मी बी नाई मानत, आत्याबाई. पण माह्या पोराले भेव वाटलं ना? ते तं खरं हाय ना?" ती उठली. "पुस्तक कुठी हाय?"

"विहारात."

"चाला."

"वहिनी, आज तीस तारीख. तो वर गेला असन, नाई तं उतरला बी असन."

"चाला म्हटलं ना."

भर दुपार होती. टिनाचं छप्पर तापून टणटण वाजत होतं. विहारात आम्ही दोघं, आणि दारात जाईबाई. मनकर्णानं मडकं भरलं. सूत नव्हतं, तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाचा धागा ओढून काढला, एक टोक मडक्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या मुठीत धरलं. पुस्तिका उघडताना पेपरचं ते पान खाली पडलं. तिनं ते उचलून उलटं-सुलटं पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

मी मंगलाचं पान काढलं. ती माझ्या शेजारी सरकून बसली, आणि तिनं माझं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं.

"इथून का?"

"हो."

"बोट उचलाचं नाई. जे म्हणसान त्याच्यावरच बोट पायजे. मी पाहून राहिली."

तिला एक अक्षर येत नव्हतं. पण बोट चालतं की थांबतं, हे तिला दिसत होतं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून म्हणायला लागलो. दोनदा अडखळलो. दोन्ही वेळा ती म्हणाली, "मांगं जा." मी मागं गेलो. अर्धा तास लागला असेल. घामानं पानावर ओल उतरली. संपल्यावर साधु म्हणायला आम्ही तिघंच होतो.

मडकं उचलून ती दारात गेली आणि अंगणातल्या पिंपळाच्या रोपाला ते पाणी घातलं.

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. लोणचं यायचं थांबलं. अकराव्या दिवशी तार आली. इंग्रजी मला येत नव्हती. मी तिच्यासोबत स्टेशनमास्तरकडे गेलो आणि दोघं खिडकीबाहेर उभे राहिलो. मास्तर म्हणाले, मुलगा सुखरूप खाली आला आहे. मनकर्णानं विचारलं, "साहेब, सगळं वाचलं ना? काई सोडलं तं नाई?" मास्तरांना हसू आलं. मला आलं नाही.

देवराव जूनच्या शेवटी आला. शिखरावर तो पोचला नव्हता. तीनशे फूट राहिले असताना हवा बिघडली आणि ते परत फिरले. डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं गेली होती. गाडीतून उतरताना तो लंगडत होता. मनगटावर दोरा नव्हता. मी तिथंच पाहतो आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

"कुजून तुटला, काकाजी. घामानं."

"देवराव, त्या दिवशी..."

"काकाजी, ट्रंक घ्या बरं. माह्या पायानं नाई होत." मग दोन पावलं चालून म्हणाला, "आता पाहून म्हणता ना?"

"तुही माय बोट धरून बसते," मी म्हणालो.

तेव्हापासून मी काहीही न पाहता म्हटलेलं नाही. मनकर्णाही नंतर अक्षरं शिकली, माझ्याकडेच. पहिल्या दिवशी पाटी पुढं ओढून म्हणाली, "माह्या पोराची पुढची चिठ्ठी मी वाचीन. तुमाले तरास नको."

ती गेल्या वर्षी वारली. मयताची गाथा मीच म्हटली. ती मला आजही पाठ आहे, झोपेतही म्हणता येईल. तरी चष्मा लावला, पुस्तिका उघडली आणि बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. देवराव माझ्या शेजारी उभा होता, केस पांढरे झालेला. शेवटच्या ओळीपर्यंत तो माझ्या बोटाकडे पाहत होता.